उमरबोडीचा विचारायचा डोंगा

मी एक जुना डोंगा आहे. मित्रांनो, तुम्ही फायबरच्या होड्या पाहिल्या असतील, हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारी माणसंही पाहिली असतील. डोंगा मात्र आता क्वचितच दिसतो. एकाच झाडाचं खोड पोखरून केलेली लांबट होडी म्हणजे डोंगा. माझ्या अंगात एकही खिळा नाही, कुठे जोड नाही. याचा मला थोडा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

मूल गावाहून ब्रह्मपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं आणि धानाच्या बांध्या ओलांडल्या की आमचं उमरबोडी लागतं. तिथल्या जंगलाच्या कडेला मी आंब्याचं झाड होतो. एका उन्हाळी वादळात आडवा झालो. मला वाईट वाटलं, पण वारलूला फार आनंद झाला. वारलू म्हणजे गावातला ढिवर, तलावात मासे धरणारा आणि हातात कुऱ्हाड आली की जेवण विसरणारा माणूस. त्यानं बैल जुंपून मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, ओढत आणलं. माझ्या पोटात निखारे भरले, जळालेला भाग तासून काढला, पुन्हा निखारे भरले. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण रोज संध्याकाळी तो माझ्या अंगावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "अजून जरासाक राह्यलं, बाबू." त्या 'जरासाक'मध्ये अख्खा उन्हाळा गेला.

इतर डोंगे सडपातळ असत. वारलूनं मला पोटाला चांगलं रुंद ठेवलं. लोकांनी चेष्टा केली. "वारलू, हा डोंगा हाये का बैलाची गव्हाण?" वारलू हसायचा. त्याला चार माणसं आरामात बसतील असा डोंगा हवा होता. कशासाठी, ते त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

काय दिवस होते ते! तलाव माझा आणि मी तलावाचा. सकाळी धुकं पाण्यावर बसलेलं असायचं, मी त्यातून हळूच सरकायचो. कमळाची पानं माझ्या अंगाला घासायची. उत्तरेच्या अंगाला एक उथळ कोपरा होता. तिथे पाणगवत माजलेलं असे, आणि कडेनं देवधान उगवे. देवधान म्हणजे कुणी न पेरता पाण्यात येणारा भात. त्या गवतात मरळ आणि मागूर हे मासे अंडी घालायचे, झिंग्यांचे तर थवेच असायचे. त्या कोपऱ्यासमोरच रीताचं घर होतं. तिचा नवरा लवकर गेला. ती कमरेभर पाण्यात उतरून बांबूचे सापळे लावायची आणि मिळेल त्यावर स्वतःचं आणि दिव्यानीचं, म्हणजे तिच्या लेकीचं, पोट भरायची. मोठी जाळी त्या गवतात अडकत, म्हणून तिकडे दुसरं कुणी फारसं फिरकत नसे. तो रीताचा कोपरा, असंच सगळे म्हणायचे.

आता मी तुम्हाला मण्यांची गोष्ट सांगतो. जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून त्याच्या काठाला भाजलेल्या मातीचे मणी लावतात, हे तुम्हाला माहीत असेल. उमरबोडीचा तलाव एकट्यादुकट्याचा नाही, मासे धरणाऱ्या सगळ्या घरांच्या सोसायटीचा आहे. त्या प्रत्येक घराकडे असाच एक मोठा मणी असतो, त्यावर त्या घराची खूण कोरलेली. कुणाचं पान, कुणाचं मुसळ, रीताच्या मण्यावर झिंगा. तलावाबद्दल काही ठरवायचं असलं की पाळीवर दोन टोपल्या ठेवतात, एक होय म्हणणाऱ्यांची, एक नाही म्हणणाऱ्यांची. वरून फडकं झाकलेलं असतं. प्रत्येक घरानं हात आत घालून आपला मणी टाकायचा. श्रीमंताचा मणी मोठा नाही, गरिबाचा लहान नाही. तलावाला मालक नाही, मणीवालेच मालक.

पण मणी टाकण्याआधी नीट ऐकायला तर हवं? तिथेच घोडं अडायचं. कुणी एक जण उठून म्हणायचा, असं असं करू या. लगेच दुसरा ओरडायचा, तिसरा जुनं भांडण उकरून काढायचा, चौथा रागानं धोतर झटकून घरी निघून जायचा. एकदा तर सभा इतकी तापली की कुणीतरी टोपलीच तलावात भिरकावली. तेव्हा वारलू वैतागून म्हणाला, "ज्याले सांगाचं हाये त्यानं डोंग्यात या. तिघं जन ऐकाले बसा. मधात गेल्यावर कोनी उठून जाऊ शकत नाई."

लोक हसले, आणि मग त्यांनी खरंच तसं केलं. तेव्हापासून मी 'विचारायचा डोंगा' झालो. पद्धत अशी पडली की ज्याचा ठराव, त्यानंच मला वल्हवायचं. गावानं निवडलेली तिघं माणसं समोर बसायची. ज्या जागेबद्दल ठराव, त्या जागेपर्यंत जायचं, ती डोळ्यांनी पाहायची आणि वाटेत मनात येईल ते सगळं विचारायचं. बोलणाऱ्याचं बोलून होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची होती, मित्रांनो. त्या तिघांना होय किंवा नाही म्हणायचा हक्क नव्हता. ठराव कच्चा वाटला तर त्यांनी तो दुरुस्त करायला परत द्यायचा, आणि पक्का झाला की सभेत उभं राहून काय पाहिलं, काय विचारलं, काय उत्तर आलं, तेवढं सांगायचं. पुढचं काम मण्यांचं.

अजून एक नियम वच्छलाबाईनं आणला. वच्छलाबाई त्या तिघांत बसणारी पहिली बाई. बोलणं कमी, पण नजर फार तिखट. झालं असं की कुणीतरी म्हणालं, नातलगाचा ठराव असेल तर नातलगानं ऐकायला बसू नये. ती म्हणाली, "मंग बसन कोन? गावात त सारेच एकमेकाचे." आणि तिनं ठरवून टाकलं की नातलगानं खुशाल बसावं, पण पहिला प्रश्न त्यानं विचारायचा आणि तोच सगळ्यात अवघड असायला हवा. सोपा प्रश्न विचारला तर बाकीच्या दोघांनी त्याला तिथेच पाण्यात उतरवायचं. उथळ पाण्यात, अर्थात. एकदोघांना उतरवलंही आहे, आणि मी ते पाहून मनसोक्त डुललो आहे.

किती ठराव मी पोटात घेऊन फिरलो! मंगरूचा ठराव मला अजून आठवतो. पाळीवर एक करंजाचं झाड होतं. त्यावर पाणकावळे बसायचे आणि मासे खायचे, म्हणून ते तोडा, असं मंगरूचं म्हणणं. तावातावानं वल्हवत त्यानं मला तिथे नेलं. मनसारामभाऊ तेव्हा तिघांत नवा होता, उंच, सावकाश बोलणारा. त्यानं काही वाद घातला नाही. बांबू पाण्यात घालून झाडाची मुळं दाखवली आणि विचारलं, "मंगरूभाऊ, झाड तोडल्यावर ही पाळ कोन धरन? पाणकावळे?" मंगरूनं वाकून ती मुळं पाहिली. मग त्यानं स्वतःच माझं तोंड गावाकडे वळवलं आणि काठाला लागेपर्यंत दुसऱ्याच गोष्टी बोलत बसला. त्याला कुणी हरवलं नव्हतं, म्हणून तो कुणावर रागावलाही नाही. करंज अजून उभा आहे.

त्या काळी माझा मान होता. पोळा झाला की वारलू मला तेल चोळायचा, भेगांत डांबर भरायचा. नवी सून तलावावर आली की मला हळदीकुंकू लावायची. मग वारलू गेला. त्याच्यामागे काही वर्षं मनसारामभाऊनं माझी काळजी घेतली, पण त्याचेही गुडघे धरले. फायबरची होडी आली. ती हलकी होती, तिला तेल लागत नव्हतं. मला पाळीवर पालथं घालून ठेवलं. माझ्या पाठीवर बकऱ्या चढायच्या. ऊन लागून मला भेगा पडल्या. पाण्याच्या इतक्या जवळ राहून पाण्यावाचून वाळणं काय असतं, ते मी तेव्हा शिकलो. ठरावही कमी झाले होते. लोकांच्या हाती मोबाईल आले होते. जे बोलायचं ते तिथेच बोलून मोकळे व्हायचे.

अशा दिवसांत निकेश गावात परत आला. निकेश हा रीताच्या दिराचा मुलगा, तिचा पुतण्या. मूलला राइस मिलमध्ये काही वर्षं काढून त्यानं गावच्या रस्त्यावर छोटं दुकान टाकलं होतं. पोरगा चांगला. कुणाचा गॅस संपो, कुणाची म्हातारी आजारी पडो, निकेश हजर. त्याला तलावासाठी काहीतरी करायचं होतं. त्याच्या मनात आलं की तलावात गवत्या मासा सोडावा. हा मासा पाणगवत खातो आणि भराभर वाढतो. तलाव स्वच्छ होईल, जाळी अडकणार नाहीत, मोठा मासा मिळेल. ऐकायला किती छान! मलाही पटलं होतं.

आमच्या भागातली बरीच माणसं धान निघालं की मिरची तोडायला तेलंगणात जातात, घराला कुलूप लावून, लेकराबाळांसकट. त्या वर्षीही निघाली. जाताना प्रत्येक जण निकेशच्या दुकानात थांबला. "सभा झाली त माहा मनी तूच टाकजो रे." असं म्हणून मणी त्याच्याकडे द्यायचा. निकेशनं ते एका दोरीत ओवून दुकानातल्या खुंटीला टांगले. दोरी लांब होत गेली. यात कुणाचं कपट नव्हतं, निकेशचं तर मुळीच नव्हतं. त्यानं कुणाकडे मणी मागितला नव्हता. लोकांचा त्याच्यावर जीव होता आणि बस सुटायची घाई होती, एवढंच. रीताही त्या वर्षी मिरचीला गेली. दिव्यानीला ब्रह्मपुरीच्या कॉलेजात घालायचं होतं. झिंग्याची खूण असलेला तिचा मणी तिनंही पुतण्याच्या हातात दिला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

सभा भरली ती माझ्या पाठीशेजारीच. थोडी माणसं होती. मनसारामभाऊ काठी टेकत उठला आणि म्हणाला, "पयले डोंग्यात बसा लागते."

"भाऊ, डोंगा फुटला हाये," कुणीतरी म्हणालं. "अन् मनी त सारे निकेशपाशीच हायेत. विचारून का होनार?"

वच्छलाबाई बोलायला म्हणून अर्धवट उठली होती. मग दोघंही खाली बसली. निकेशनं दोरी सोडली आणि एकेक मणी होयच्या टोपलीत टाकला. त्यातच झिंग्याचा मणीही गेला. मी पालथा पडून ते ऐकत होतो. मित्रांनो, कोपऱ्यात जाऊन यायला फार वेळ लागला नसता. तिथे गेल्यावर कुणीतरी नक्की विचारलं असतं, की गवत गेलं तर या गवतात राहणारे कुठे जातील? पण प्रश्न विचारायची जागाच त्या दिवशी पालथी होती.

पहिल्या वर्षी सगळे खूश होते. पाणी मोकळं झालं, जाळी सरसर फिरली, हातभर लांबीचे मासे निघाले. दुसऱ्या वर्षी गवत्यानं कमळाची कोवळी पानंही सोडली नाहीत. देवधान गेलं. पाणी गढूळ झालं, काठावर बेशरमाची झुडपं माजली. मरळ दिसेनासे झाले, मागूर गेले, झिंगे गेले. मोठ्या जाळीवाल्यांचं थोडंफार भागत होतं, पण रीताचे सापळे रिकामे यायचे. ती सकाळी कमरेभर पाण्यात उभी राहायची, सापळा उचलायची, उलटा करायची, पुन्हा लावायची. तिच्याकडे बघवत नसे. शेवटी एक दिवस ती माझ्या पाठीवर येऊन बसली आणि शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाली, "यंदा तुले बी मिरचीले यावं लागन, दिव्यानी. एकटीच्या मजुरीत नाई भागत." दिव्यानीची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत होती. ती माझ्या भेगेतलं सुकलेलं डांबर नखानं खरवडत राहिली.

रीता रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग कामाचा ठरला. ती उठली, लेकीला म्हणाली, "पकड त्या टोकाले," आणि दोघींनी मला उताणं केलं. कितीतरी वर्षांनी मी आभाळ पाहिलं! दोघींनी चिंध्या आणि डांबर भेगांत ठासून भरलं. जाणारे-येणारे हसत होते. "काऊन रीताबाई, फायबरची होडी हाये नं?" ती म्हणाली, "माहा ठराव हाये. डोंग्यातच मांडीन." मग मात्र हसणं थांबलं.

आता गंमत बघा. त्या वर्षी तिघांत मनसारामभाऊ होता, वच्छलाबाई होती, आणि तिसरा म्हणून गावानं निकेशला निवडलं होतं. म्हणजे नियमाप्रमाणे पहिला प्रश्न त्याचाच.

रीतानं वल्हं मारलं आणि मी पाण्यात सरकलो. काय सांगू तुम्हाला, मला भरून आलं. भरून आलं म्हणजे खरंच आलं, कारण एक भेग उघडली आणि पाणी आत येऊ लागलं. वच्छलाबाईनं निकेशच्या हातात डबा दिला. "प्रश्न इचार, अन् पानी बी काढ." तो वाकून पाणी काढू लागला. रीतानं आपला ठराव सांगितला. मोठं जाळं टाकून गवत्या जमेल तेवढा काढून टाकायचा. तिचा कोपरा बांबूनं अडवायचा, त्यात दुसऱ्या तलावातून आणून पाणगवत आणि देवधान लावायचं आणि गवत वर येईपर्यंत तिथे कुणीही काही धरायचं नाही, तिनंसुद्धा नाही.

कोपरा आला. गढूळ पाण्याशिवाय तिथे काही नव्हतं. निकेशनं डबा खाली ठेवला. त्यानं नियम मोडला नाही.

"काकी, कोपरा तुह्याच घरासमोर हाये. हे तू तलावासाठी मांगून राह्यली का तुह्यासाठी?"

मनसारामभाऊनं मान वर केली. प्रश्न अवघड होता. रीतानं वल्हं आडवं धरलं.

"दोघायसाठी," ती म्हणाली. "माह्या पोटासाठी नाई म्हटलं त खोटं होईन. पोरीची परीक्षा हाये. पन मरळ माह्याच घरी अंडे घालत नाई, निकेश. इथी वाढते अन् साऱ्या तलावात फिरते. मागच्या वर्साले तुह्या बापाच्या जाळ्यात एक तरी मरळ आला का?"

"नाई आला," निकेश म्हणाला. मग तो पुन्हा बोलला, आणि हे नियमात नव्हतं. "काकी, तुहा मनी मीच टाकला होता."

"मीच देल्ला होता नं तुले," रीता म्हणाली. "इचारलं का मी, कायचा ठराव हाये म्हनून? पानी काढ आता, नाईतर बुडू."

मग वच्छलाबाईची पाळी. कोपरा बंद राहीपर्यंत तू खाशील काय, असं तिनं विचारलं. रीता म्हणाली, मिरची तोडीन. वच्छलाबाईनं मान हलवली. तिचं म्हणणं असं की राखण करायला माणूस नसेल तर बंद कोपरा बंद राहत नाही, म्हणून जो राखण करेल त्याला रोजच्या जाळ्यातून सगळ्यांनी एक वाटा द्यावा, असं ठरावात घाल. रीता तयार होईना. स्वतःसाठी वाटा मागायला तिची जीभ उचलत नव्हती. "तू नाई मांगून राह्यली," वच्छलाबाई म्हणाली. "ठराव कच्चा हाये म्हनून आमी दुरुस्तीले वापस देऊन राह्यलो." असं करून तिथल्या तिथे ठराव परत गेला आणि दुरुस्त होऊन पुन्हा आला. मी इतके ठराव वाहिले, पण असा प्रेमानं परत दिलेला दुसरा पाहिला नाही.

राहिली होती ठरावातली शेवटची गोष्ट. ती सांगताना रीतानं माझ्या काठावर हात ठेवला. "गवत याले वेळ लागन. तवरोक मासोळीले लपाले काहीतरी पाह्यजे. पोकळ लाकूड असलं त मरळ त्यात राह्यते." मग म्हणाली, "हा डोंगा इथी बुडवाचा."

मनसारामभाऊ रागानं लालच झाला. "वारलूनं कोरला हा. याच्यात बसून मी म्हातारा झालो. अन् तू बुडवाचा म्हनतेस?"

"पाळीवर वाळून राह्यला होता, भाऊ," रीता हळूच म्हणाली. "पाळीवर त सरपनच होईन त्याचं."

मनसारामभाऊनं बांबू पाण्यात घालून तळ चाचपला, चिखल किती आहे ते पाहिलं, मी नीट बसेन का ते पाहिलं. मग सगळ्यांना म्हणाला, "याले बी इचारा लागते का मंग?" मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? मला भीती वाटत होती. उन्हाची, वादळाची, जाळाची, कसलीच वाटली नव्हती इतकी. पण मी डोंगा आहे, माणसांनी मला पाण्यासाठी घडवलं, आणि पाळीवरचे ते कोरडे दिवस मी विसरलो नव्हतो. मी काय बोलणार? निकेशचा डबा चालू असूनही मी जरा जास्तच पाणी आत घेतलं. मनसारामभाऊ हसला आणि त्यानं डोळे पुसले.

सभा त्यांनी मुद्दाम मिरचीला जाणाऱ्या बसगाड्या सुटायच्या आधी ठेवली. त्याच्या आदल्या दिवशी निकेश घरोघर फिरला. मागच्या सभेत मोजून झाल्यावर कितीतरी मणी पुन्हा त्याच्याच खुंटीवर टांगले गेले होते, लोक परत न्यायलाच विसरले होते. त्यानं प्रत्येक मणी ज्याचा त्याच्या हातात दिला. कुणी म्हणालं, "राहू दे नं तुह्यापाशीच," तर तो म्हणायचा, "नाई. सभेत या, ऐका, अन् मंग टाका." सभेत त्या तिघांनी सगळं सांगितलं. रीताचं स्वतःच्या पोटाबद्दलचं उत्तरही लपवलं नाही. मंगरूनं विरोध केला, दोघाचौघांनी कुरकुर केली. नाहीच्या टोपलीतही मणी पडले. पण होयची टोपली उचलायला निकेशला दोन हात लावावे लागले. रीतानं आपला झिंग्याचा मणी टाकताना डोळे मिटले होते. यंदा तो तिच्या हातून पडत होता. राखण रीताकडे आली, वाटाही मिळू लागला, आणि दिव्यानी परीक्षेला बसली.

मला त्यांनी कोपऱ्यात नेलं, पोटात दगड ठेवले आणि चिंध्या उपसून काढल्या. मनसारामभाऊ कमरेभर पाण्यात उभा राहून माझ्या अंगावरून हात फिरवत होता, वारलू फिरवायचा तसाच. पाणी हळूहळू भेगांतून आत आलं. सगळं हिरवट झालं, मग अंधारलं, मग मी मऊ चिखलात टेकलो. वरून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. कुणाचा, ते सांगत नाही.

एक पावसाळा गेला, दुसराही गेला. माझ्या आजूबाजूला पाणगवत धरलं. आधी झिंगे आले, न विचारता आत शिरले. नंतर एक मरळाची जोडी आली. तिनं सगळं फिरून पाहिलं, मागं-पुढं केलं, आणि माझ्या टोकाशी, जिथे ती तिघं बसायची, तिथे मुक्काम ठोकला.

परवाचीच गोष्ट. रीता आणि निकेश फायबरच्या होडीतून राखणीला आले होते. माझ्यावर पाणी लालसर दिसत होतं, कारण मरळाच्या पिल्लांचा लाल पुंजका वर आला होता आणि खाली आईबाप पहारा देत होते. केवढे मोठे मरळ! निकेशचा हात नकळत जाळ्याकडे गेला.

"काकी, एकच डाव टाकू?"

"ठराव आन," रीता म्हणाली.

"डोंगा कुठी हाये आता बसाले?"

रीतानं खाली माझ्याकडे बोट केलं. "थो काय. उतर."

दोघं इतकी हसली की होडी हलली. जाळं मात्र होडीतच राहिलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही हाती कधीतरी एखादा मणी येईल, शाळेत, गावात, मोठं झाल्यावर आणखी कुठे. तो घाईत दुसऱ्याच्या खुंटीला टांगून जाऊ नका, मग तो दुसरा कितीही जिवाचा असो. टाकण्याआधी त्या जागेवर जाऊन या, आणि ज्याचं पोट त्या जागेवर आहे त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या. जी जुनी वस्तू तुम्हाला हे करायला लावत असेल, तिला अधूनमधून तेल चोळा. फुटली म्हणून पालथी घालू नका. बोलायला अजून खूप आहे, पण पिल्लं परत आत येऊ लागली आहेत. जागा करून द्यायला हवी.